चंद्रावरचं आकाश कुठल्या खडूनं रंगवायचं?

रंगवण्याच्या पुस्तकांत ‘अंतराळ’ नावाचं एक पान हमखास असतं. गोल खिडकीचं रॉकेट, कडंवाला ग्रह, हसरा चंद्र, पाच टोकांच्या चांदण्या आणि हात हलवणारा अंतराळवीर, सगळे एकमेकांना खेटून उभे. मूल ते पान दहा मिनिटांत उरकतं, आपण ‘छान!’ म्हणतो आणि पान उलटतं. यात वाईट काही नाही. पण आंबा किंवा मोर रंगवण्यात नसलेली एक मजा अंतराळाच्या चित्रात असते. आंब्याचा रंग मुलाला ठाऊक असतो. चंद्रावर भर दिवसा उभं राहिलं तर आकाश कसल्या रंगाचं दिसेल, हे त्याला ठाऊक नसतं आणि बहुतेक वेळा आपल्यालाही नसतं. दोघांनाही उत्तर माहीत नसलेला प्रश्न घेऊन एका चटईवर बसायची संधी पालकांना फार वेळा मिळत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी, की सगळं अंतराळ एका पानावर कोंबू नका. एकच प्रसंग घ्या. माझ्या मते सुरुवातीला चंद्रयान-३ सगळ्यांत सोयीचं. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरला. तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो, त्यामुळे ऑगस्टात शाळेतून ‘चित्र काढून आणा’ असं फर्मान येण्याचीही शक्यता बरीच. शिवाय त्या संध्याकाळी टीव्हीसमोर कोण कुठे बसलं होतं, हे घरातल्या आजी-आजोबांनाही आठवतं. रंगवता रंगवता त्या गप्पा आपसूक निघतात.

छापील चित्र नसलं तरी अडत नाही. कागदाच्या मधोमध एक आडवी, थोडी वाकडीतिकडी रेघ काढा, ती जमीन. तिच्यावर चार तिरक्या पायांची एक पेटी म्हणजे विक्रम. पेटीतून जमिनीवर टेकलेली एक उतरती फळी आणि फळीपाशी सहा चाकांची छोटी गाडी म्हणजे प्रज्ञान. वर आकाशात एक गोल, तो आपली पृथ्वी. एवढंच पुरे. ज्यांना खऱ्या छायाचित्रावरून काढायचं असेल, त्यांनी प्रज्ञानने ३० ऑगस्टला काढलेला विक्रमचा फोटो शोधावा. तो कृष्णधवल आहे. म्हणजे रंग भरायचं काम अवकाशयानानेच आपल्यावर सोपवलं आहे!

आता आकाश. पाच-सहा वर्षांचं मूल सरळ निळा खडू उचलेल. उचलू द्या, पण कागदाला टेकवायच्या आधी विचारा, ‘आपल्याकडे आभाळ निळं कशामुळे दिसतं रे?’ उत्तर येणार नाही. आलं तर ‘समुद्रामुळे’ असं येईल. मग स्वयंपाकघरातून काचेच्या पेल्यात पाणी आणा, त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका, खोलीत अंधार करा आणि बाजूने बॅटरीचा झोत टाका. बाजूने पाहिलं तर पाण्यात निळसर झाक दिसते आणि समोरून, पाण्यातून आरपार बॅटरीकडे पाहिलं तर उजेड पिवळट-तांबूस दिसतो. हवेचे कण सूर्याच्या उजेडातला निळा भाग असाच चोहीकडे विखुरतात, म्हणून आपलं आभाळ निळं. चंद्रावर हवा जवळपास नाहीच. विखुरायला कोणी नाही, म्हणून ऊन रणरणत असतानाही वर काळंकुट्ट. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे आणि तो झाल्यावर बहुतेक मुलं स्वतःहून काळा खडू मागतात.

इथे एक व्यवहारी अडचण येते. अख्खं आकाश मेणखडूने काळं करणं हे मुलांच्या हातांना वेठबिगारीचं काम आहे. निम्म्यात कंटाळा येतो, खडूचा चुरा पडतो, तळहाताला काळं लागतं आणि तो तळहात मग पिवळ्यावर, पांढऱ्यावर, भिंतीवर. यावर दोन उपाय आहेत. एक तर काळा कार्डपेपरच घ्यावा आणि त्याच्यावर पांढऱ्या व रंगीत तेलखडूंनी चित्र काढावं; आकाश आधीच तयार. नाहीतर पांढऱ्या कागदावर बाकी सगळं रंगवून झाल्यावर शेवटी रुंद ब्रशने काळ्या पोस्टर कलरचा हात फिरवावा. काळा रंग नेहमी शेवटी, हे एवढं पाळलंत तर निम्मी रडारड टळते.

‘आणि चांदण्या?’ हा प्रश्न येणारच. चंद्रावर दिवसा काढलेल्या फोटोंत चांदण्या दिसत नाहीत. उन्हात चकाकणारी जमीन टिपायला कॅमेरा लावला, की मंद तारे त्यात उमटत नाहीत. रात्री दिव्याखाली घरातल्यांचा फोटो काढला, की मागच्या खिडकीतले तारे येत नाहीत, तसंच. हे सांगितल्यावर काही मुलं चांदण्या गाळतात, काही हट्टाने काढतात. दोन्ही ठीक. ज्यांना काढायच्याच आहेत त्यांना एक युक्ती शिकवा. पांढऱ्या मेणखडूने कागदावर ठिपके द्यायचे आणि वरून पातळ काळा जलरंग फिरवायचा. मेणावर पाणी बसत नाही, ठिपके पांढरेच उठून दिसतात. जुन्या टूथब्रशला पांढरा रंग लावून बोटाने शिंतोडे उडवण्याचाही प्रकार आहे. तो मुलांना फार आवडतो. फरशी पुसणाऱ्याला कमी.

पृथ्वीचा गोल पूर्ण काढायचा की अर्धा? यात एक सुंदर हिशेब दडलेला आहे. विक्रम उतरला त्या दिवशी नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे श्रावण शुद्ध सप्तमी. आपल्याकडून चंद्र जवळजवळ अर्धा दिसत होता. अशा वेळी चंद्रावरून पाहिलं तर पृथ्वीही जवळजवळ अर्धीच उजळलेली दिसते. आपल्याकडे चंद्र पुरता भरला की तिथून पृथ्वी अमावस्येची आणि आपल्याकडे अमावस्या असली की तिथे पूर्ण पृथ्वी. मोठ्या मुलांना बॅटरी, लिंबू आणि मोसंबं देऊन हे पटवून घ्यायला सांगा. तेव्हा आपल्या चित्रात पृथ्वी अर्धी. आकाराने मात्र ती आपल्या चंद्राच्या साडेतीन पटींहून रुंद दिसते, तेव्हा लाजतबुजत टिकलीएवढी काढू नका. ती माथ्यावर नाही, क्षितिजापासून थोडीच वर. कारण विक्रम चंद्राच्या दक्षिण टोकाकडे, साधारण ६९ अंश अक्षांशावर उतरला. आणि याच कारणाने तिथून पृथ्वी उलटी दिसते, अंटार्क्टिका वर आणि उत्तर ध्रुव खाली. घरात पृथ्वीगोल असेल तर तो उलटा धरून बघा. नकाशात भारत नेहमी खाली टोक करूनच पाहिलेलं मूल त्याकडे बराच वेळ बघत राहतं.

पृथ्वीच्या रंगांबद्दल फार बोलायला नको. निळा समुद्र, वर पांढरे ढग भरपूर, जमीन हिरवीपेक्षा तपकिरी जास्त. मुलं ढग विसरतात आणि हिरवा खूप वापरतात. अपोलो-८ मधून बिल अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी टिपलेलं पृथ्वी उगवतानाचं छायाचित्र एकदा समोर ठेवलं, की ढग किती हे त्यांचं त्यांना कळतं.

उजळलेली अर्धी बाजू कुठली, ते मात्र आधी ठरवा. सूर्य कागदाच्या बाहेर आहे. उजवीकडे आहे असं समजा. मग पृथ्वीची उजवी बाजू उजळ, विक्रमची उजवी बाजू उजळ, प्रत्येक दगडाचीही उजवीच, आणि सगळ्यांच्या सावल्या डावीकडे. ही शिस्त एकदा लागली, की साधंसुधं चित्रही एकदम खरं वाटायला लागतं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्या आई-वडिलांना हे माहीत असतं, पण मुलांना कोणी सांगत नाही. सावल्या लांब काढा, कारण त्या भागात सूर्य कधीच माथ्यावर येत नाही आणि विक्रम उतरला तेव्हा तर तिथे सकाळ होती. सकाळच का निवडली? चंद्रावरचा एक दिवस पृथ्वीवरच्या जवळपास चौदा दिवसांएवढा. सकाळी उतरलं तर ते सगळे चौदा दिवस ऊन मिळतं आणि यान उन्हावरच चालतं. सावल्या जवळजवळ काळ्या करा. हवाच नसल्याने सावलीत उजेड झिरपवणारं तिथे फारसं कोणी नाही.

जमिनीसाठी मुलं पांढरा किंवा पिवळा शोधतात, कारण रात्री चंद्र तसाच दिसतो. खरी गोष्ट अशी, की चंद्र चांगलाच काळवंडलेला आहे. त्याच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी साधारण आठवा भागच तो परत पाठवतो. रात्रीच्या काळोखात एकटाच उन्हात असल्याने तो आपल्याला रुपेरी वाटतो. चंद्रावर आपल्याला डागांसारखे दिसणारे काळसर भाग बेसॉल्टचे आहेत, आणि सह्याद्रीचा काळा कातळही बेसॉल्टच. गडावर गेलेल्या मुलाला हे जरूर सांगा. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर अशाच बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. चंद्रावरच्या विवरांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ तिथे येतात ते यामुळेच. विक्रम उतरला तो भाग मात्र काळ्या डागांचा नाही, उजळ खडकाच्या उंच प्रदेशातला आहे, तेव्हा आपल्या चित्रात मध्यम राखाडी बरा.

राखाडी खडू बारा रंगांच्या डबीत बहुधा नसतोच. त्यासाठी दुकानात धावू नका. साधी शिसपेन्सिल आडवी धरून हलकी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने चोळायची. चंद्राची धूळ तयार. त्यात तपकिरी रंगपेन्सिलीचा अगदी पुसट हात दिला की जास्त छान दिसतं.

विवरं काढणं हा या चित्रातला सगळ्यांत मजेचा भाग आहे आणि त्याला मी जास्त वेळ देईन. मुलं गोल काढून आत काळं करतात. ते बटणासारखं दिसतं. बॅटरी घ्या, एक वाटी सुलटी आणि एक उपडी ठेवा, उजवीकडून उजेड टाका. सुलट्या वाटीत सावली कुठे पडते? उजेडाच्याच बाजूला, आतल्या उजव्या काठाखाली. डावा आतला काठ चमकतो. उपड्या वाटीचं नेमकं उलटं, उजेडाकडची बाजू उजळ आणि पलीकडची काळी. म्हणजे खड्डा आणि टेकडी यांत फरक केवळ सावली कुठल्या बाजूला यावरून पडतो. हे समजल्यावर, उजेड वरून येतो असं धरून, कागदावर चार खड्डे आणि चार उंचवटे काढायला सांगा. मग कागद उलटा फिरवा. बऱ्याचदा खड्ड्यांच्या टेकड्या झालेल्या दिसतात आणि टेकड्यांचे खड्डे, कारण उजेड वरून येतो असं आपले डोळे धरूनच चालतात. आठ वर्षांपुढची मुलं हा कागद सगळ्या बिल्डिंगला दाखवून येतात.

विक्रमच्या अंगावर सोनेरी झळाळी असते. ‘ते सोनं आहे का?’ नाही. ती पातळ प्लॅस्टिकच्या अनेक थरांची गोधडी आहे. त्या प्लॅस्टिकचा रंग मुळात मधासारखा, त्याच्या आतल्या बाजूला अॅल्युमिनियमचा मुलामा; म्हणून बाहेरून सोनेरी दिसतं. काम तिचं एकच, यानाला उन्हात तापू द्यायचं नाही आणि सावलीत गारठू द्यायचं नाही. चंद्रावर हे किती कठीण आहे ते विक्रमनेच मोजलं. जमिनीत खुपसलेल्या त्याच्या उपकरणाला पृष्ठभागाशी तापमान पन्नास अंशांच्या वर मिळालं आणि केवळ ८ सेंटिमीटर खाली ते शून्याखाली दहाच्या आसपास होतं. पट्टी घेऊन ८ सेंटिमीटर मोजायला सांगा आणि चित्राच्या तळाशी जमिनीचा एक उभा काप काढा. वर लालभडक, मग नारिंगी, पिवळा आणि तळाला गार निळा. शाळेतल्या तक्त्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

सोनेरी गोधडी रंगवताना सपाट पिवळा भरू नका. तिला सुरकुत्या असतात. पिवळा, त्यावर नारिंगी आणि तपकिरी तुटक रेघा, आणि मधेमधे कागद कोराच सोडायचा, तीच चकाकी. याहून सोपं म्हणजे चॉकलेटची सोनेरी चमकी चुरगळून, पुन्हा थोडी सरळ करून खळीने चिकटवायची. तीन-चार वर्षांच्या मुलांना तर खडूपेक्षा हे चुरगळणंच अधिक आवडतं. सौर पट्ट्या गडद निळ्या-काळ्या करा, आणि त्या यानाच्या छपरावर न काढता बाजूंना उभ्या काढा. सूर्य क्षितिजाजवळ असेल तर ऊन बाजूनेच येणार. प्रज्ञानची पट्टीही याच कारणाने एका बाजूला उभी राहते. त्याच्या मागच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं बोधचिन्ह कोरलेलं होतं, चालताना धुळीत ठसे उमटावेत म्हणून. गाडीमागे दोन ओळींत छोटी चिन्हं काढायला मुलांना सांगा. आपण आपलं बोधचिन्ह केलं तर कुठलं करू, हा प्रश्नही चांगला रंगतो. मी त्याच्या उत्तरात मांजरापासून वडापावपर्यंत सगळं पाहिलं आहे.

छापील चित्रांत विक्रमशेजारी बऱ्याचदा फडकता तिरंगा धरलेला अंतराळवीर असतो. चंद्रयान-३ मध्ये माणूस नव्हता आणि चंद्रावर वारा नसतो, तेव्हा झेंडा फडकत नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती, म्हणून तो पसरलेला दिसतो. आपला तिरंगा मात्र खरोखर तिथे पोचला आहे. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्रयान-१ मधून सोडलेली पेटी चंद्रावर आदळली आणि तिच्या बाजूंवर तिरंगा रंगवलेला होता. मुलाला माणूस हवाच असेल तर काढू द्या. ‘हा पुढच्या वेळी जाणार आहे’ असं एका मुलीने मला सुनावलं होतं, त्यावर मला काही बोलता आलं नाही.

अंतराळवीर काढलाच तर त्याच्या पोशाखाचा रंग तो कुठे आहे त्यावर ठरतो. यानाबाहेर फिरणाऱ्याचा पोशाख पांढरा, कारण पांढरा ऊन परतवतो आणि काळ्या अवकाशात ठळक दिसतो. अमेरिकी स्पेस शटलमधून जाता-येता घालायचा पोशाख भडक नारिंगी होता, समुद्रात पडायची वेळ आली तर शोधायला सोपं जावं म्हणून. यानाबाहेरच्या पोशाखातल्या शिरस्त्राणाच्या काचेवर सोन्याचा अतिपातळ थर असतो, आणि हे मात्र खरं सोनं. स्थानकाच्या आत सगळे साध्या टी-शर्टवर तरंगतात. २०२५ साली शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले, तिथले त्यांचे फोटो दाखवलेत तर मुलं पोशाखापेक्षा पाय कुठे अडकवलेत तेच आधी बघतील.

रॉकेटबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती भल्याभल्यांना ठाऊक नसते. चंद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ हे ४३.५ मीटर उंचीचं. मधे जाड नळा आणि दोन्ही बाजूंना एकेक बूस्टर. मुलं तिन्हींच्या खाली ज्वाळा काढतात. जमिनीवरून उठताना ज्वाळा फक्त बाजूच्या दोन बूस्टरना असतात. मधलं इंजिन जवळपास दोन मिनिटांनी, आकाशातच पेटतं. बूस्टरमध्ये घन इंधन, त्यात अॅल्युमिनियमची पूड. म्हणून झगझगीत पिवळट-पांढरी ज्वाळा आणि पांढऱ्या धुराचे लोट. सर्वांत वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन जळतो, त्याची ज्वाळा फिकट निळसर, दिसेल न दिसेल अशी. लाल रंगाला इथे फारसं काम नाही. बूस्टरच्या नळकांड्यांचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार होतात आणि मधल्या टप्प्यातलं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात, हे त्या बाजूला राहणाऱ्या मुलांना नक्की सांगा.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की हे रंगकाम नव्हे, परीक्षेचा सराव झाला. म्हणून हे स्पष्टच लिहितो. कारण सांगणं आपलं काम, खडू निवडणं मुलाचं. सगळं ऐकूनही आकाश जांभळं झालं तर ते जांभळंच राहू द्यावं. ‘चूक’ हा शब्द टाळा, आणि त्याच्या चित्रावर स्वतःच्या हाताने सावली सुधारायचा मोह तर कटाक्षाने आवरा. हात शिवशिवत असतील तर शेजारी आपला वेगळा कागद घेऊन बसा. ‘हे काय काढलंस?’ असं विचारण्यापेक्षा ‘इथे काय चाललंय ते सांग’ म्हणा. मनाजोगते रंग भरण्याच्या बाबतीत मुलांना भारदस्त साथीदार आहेत. अपोलो-१२ मधून चंद्रावर जाऊन आलेले अॅलन बीन पुढे पूर्णवेळ चित्रकार झाले. राखाडी चंद्र प्रत्यक्ष पायांखाली तुडवलेला हा माणूस; पण त्यांच्या चित्रांतला चंद्र जांभळा, गुलाबी, सोनेरी असतो. हबल दुर्बिणीचं ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ हे १९९५ चं गाजलेलं चित्र घ्या. गंधकाच्या उजेडाला लाल, हायड्रोजनच्या उजेडाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या उजेडाला निळा असे रंग शास्त्रज्ञांनी त्यात नेमून दिले. कुठला वायू कुठे आहे ते वेगळं दिसावं म्हणून. मुलानेही ‘जांभळा म्हणजे थंडी’ असं काही ठरवलं असेल तर चित्राच्या कोपऱ्यात त्याची छोटी सूची लिहायला सांगा.

दुसऱ्या दिवशी मंगळ घ्यावा. जमीन गंजलेल्या लोखंडाची, कारण तिथल्या धुळीत लोहाची संयुगं आहेत. आकाश दिवसा पिवळट-तांबूस आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर, म्हणजे आपल्या नेमकं उलट. १९७६ साली व्हायकिंग-१ ने पाठवलेलं पहिलं रंगीत चित्र घाईत जाहीर झालं तेव्हा त्यात आकाश निळसर होतं. मग रंग तपासून ते तांबूस केलं गेलं. मंगळावर उतरणाऱ्या यानांवर ओळखीच्या रंगांचे छोटे चौकोन बसवलेले असतात. कॅमेरा आधी त्यांचा फोटो काढतो आणि पृथ्वीवरची माणसं त्यावरून बाकीचे रंग जुळवतात. मुलांच्या कागदाच्या कडेलाही वापरलेल्या प्रत्येक खडूचा एक चौकोन काढून घ्या; अर्धवट राहिलेलं चित्र आठवड्याने पुन्हा हाती घेतलं की तो नेमका उपयोगी पडतो.

आणि मंगळाचा विषय निघालाच आहे तर माझा आवडता खेळ. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ मंगळाजवळून गेलं आणि त्याने तिथली जवळून काढलेली पहिली चित्रं पाठवली. चित्रं आली ती आकड्यांच्या रूपात. दोनशे ओळी, प्रत्येक ओळीत दोनशे आकडे, आणि एक चित्र यायला सुमारे आठ तास. संगणक त्याचं चित्र बनवेपर्यंत थांबायची तयारी नसलेल्या अभियंत्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या भिंतीवर लावल्या, चित्रकलेच्या दुकानातून रंगीत खडू आणले आणि आकड्यांप्रमाणे हातानेच रंग भरत गेले. मंगळाचं पहिलं चित्र असं तयार झालं, मोठ्या माणसांनी रंगवण्याच्या पुस्तकासारखं भरून.

घरी हे असं करा. गणिताच्या चौकटींच्या वहीत दहा बाय दहाचा चौकोन आखा. मुलाला न दाखवता त्यात अर्धी पृथ्वी किंवा विक्रम बसवा आणि प्रत्येक घराला शून्य ते चारपैकी एक आकडा द्या. शून्य काळा, एक राखाडी, दोन निळा, तीन पिवळा, चार पांढरा. मग एक मूल आतल्या खोलीत ‘यान’ होऊन आकडे ओळीने वाचतं, दुसरं बाहेर रिकाम्या चौकोनात रंग भरतं. चित्र काय आहे ते शेवटच्या दोन-तीन ओळींत उलगडतं आणि तोवर घरात जी शांतता असते ती सहसा मिळत नाही. एखादा आकडा ऐकायचा राहिला की पुढची अख्खी ओळ सरकते. तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळीची बेरीज सांगायची असा नियम मुलंच काढतात, किंवा आपण सुचवावा. खरी यानंही आकड्यांसोबत असे पडताळे पाठवतात. हा खेळ साधारण सात वर्षांपुढे जमतो. धाकट्यांना आकड्यांऐवजी रंगांची नावंच सांगा आणि चौकोन पाच बाय पाचचा घ्या.

सामानाबद्दल थोडं. पाच वर्षांच्या आतल्यांना जाड मेणखडू, रेघेबाहेर जाण्याची पूर्ण मुभा आणि फार तर वीस मिनिटं. त्यापुढे तेलखडू, ते बोटाने मिसळता येतात, पृथ्वीच्या ढगांना छान. जलरंग वापरायचे तर झेरॉक्सचा कागद नको, तो गोळा होतो. जाड ड्रॉइंगचा कागद घ्या. स्केचपेन बारीक कामापुरते ठेवा, मोठ्या जागा भरताना कागद फाटतो. रंगपेन्सिली प्रवासात उत्तम. १९६५ मध्ये अवकाशात पहिल्यांदा यानाबाहेर पडणारे रशियन अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह रंगपेन्सिली घेऊन गेले होते आणि तिथून दिसलेल्या सूर्योदयाचं चित्र त्यांनी यानात बसून काढलं. पेन्सिली तरंगत जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीला दोरा बांधलेला होता. रेल्वेच्या बर्थवरून पेन्सिली घरंगळतात तेव्हा हीच युक्ती चालते.

चित्र झालं की मागच्या बाजूला तारीख आणि मुलाने सांगितलेलं एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. मग पुढच्या सुट्टीला आदित्य-एल १. हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालं आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून ते सूर्याकडे पाहत असतं. तिथून सूर्य पिवळा दिसत नाही, पांढराशुभ्र दिसतो. पांढऱ्या कागदावर पांढरा सूर्य कसा काढायचा, हे आपण सांगू नये. पिवळा खडू उचलून लपवून ठेवावा आणि मुलं काय करतात ते बघावं.